खोड्याभोवतीची माणसे

जनावरांच्या औषधाची बाटली हातात घेऊन पाहिली, तर तिच्यावर एका पाळीव जनावराचे डोके छापलेले दिसते. शेजारी ठळक अक्षरांत मजकूर असतो की, हे औषध माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी आहे. हे चित्र कारखानदाराने हौसेने छापलेले नसते. १९४५ च्या औषध नियमावलीतील ९७ व्या नियमाने ते त्याच्यावर बंधनकारक केलेले आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही ही बाटली गोठ्यातली आहे, घरातल्या फडताळातली नव्हे, एवढे चित्रावरून कळावे, असा त्यातला हेतू. हेतू चांगला आहे आणि त्याने कित्येक जीव वाचले असतील. परंतु ती बाटली कारखान्यातून निघून बैलाच्या मानेपर्यंत पोचते तेव्हा मध्ये काही माणसांचे हात असतात. त्या हातांविषयी बाटली काय सांगते, आणि बाटलीमागचा कायदा काय सांगतो, हे शोधण्याचा नाद मला गेली काही वर्षे लागला आहे.

व्याख्यानमालेत शिवकालावर बोलणारे वक्ते मिळतात, संतवाङ्मयावर मिळतात. खोड्यावर बोलणारा कोणी मिळाला नाही म्हणून माझी वर्णी लागली असावी. मी पशुवैद्य नाही. सातवीनंतर शाळा सुटली, जिनिंगमध्ये रुईच्या धुरळ्यात काम केले, पुढे युनियनच्या कामात पडलो आणि कायद्याची पुस्तके कचेरीतल्या कंदिलाखाली, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. तेव्हा माझे बोलणे विद्वानाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

खोडा म्हणजे काय हे फुलसावंगीत कोणाला सांगावे लागत नाही. चार खांब, आडवे दांडे, मध्ये जनावर. पण त्याच्याभोवती कोण उभे असते ते एकदा नीट पाहा. डॉक्टर असले तर डॉक्टर, नसले तर पशुधन पर्यवेक्षक सिरिंज भरतो. व्रणोपचारक वेसण धरून मान वळवतो. परिचर मागच्या पायाचा दोर आवळतो. मालक पुढे उभा राहून बैलाला चुचकारतो. सुई एकाच जीवासाठी असते आणि भोवती चार जीव असतात. बैलाने हिसडा दिला म्हणजे ती सुई कोणाच्या अंगठ्यात जाईल याचा नेम नसतो. या चौघांपैकी कायद्याला पहिला कोण दिसला, हा माझा आजचा प्रश्न आहे. उत्तर थोडे विचित्र आहे. पहिला दिसला तो घोडा.

इंग्रजी अमलातील पशुवैद्यक हे लष्कराच्या तबेल्यातून निघाले. पुण्यास १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. हॅलन साहेबांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथीची चौकशी करणारे कमिशन बसले आणि त्याचा अहवाल १८७१ साली बाहेर पडला. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली आणि १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला गेली. कायदा मात्र आधी झाला तो घोड्यांच्या रोगांचा, १८९९ चा ग्लँडर्स आणि फार्सी कायदा. ग्लँडर्स घोड्याकडून माणसाला होतो आणि माणूस त्याने मरतो, हे त्या काळीही ठाऊक होते. तरी कायद्याचा सगळा रोख रोगी घोडा शोधावा, वेगळा करावा, नष्ट करावा, यावर. मोतद्दाराचे पुढे काय होते, याची त्यात विचारपूस नाही. घोडदळाचा घोडा सरकारी मालमत्ता होता. मोतद्दार दुसरा मिळत होता.

आमच्या वऱ्हाडात तर बैल हाच मुख्य जीव. कापसाच्या गाड्या ओढायला तोच, नांगराला तोच. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे १९४८ पावेतो निजामाचे राज्य; माणसांना सरहद्द होती, पण बुळकांडीला नव्हती. जुनी माणसे बुळकांडीचे नाव घेताना आवाज खाली आणीत. या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत आणि मेलेल्या जनावरांचे ढीग गावाबाहेर पडत. ते ढीग कोणी उचलायचे, हे गावाने शेकडो वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेले होते. त्याविषयी पुढे बोलतो, कारण या विषयाचे मर्म माझ्या मते तिथेच आहे.

त्याआधी थोडे दूर, अमेरिकेत वॉशिंग्टनला जावे लागेल. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन तेथे भरले. हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. आपले ना. म. जोशी, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. दुसऱ्याच वर्षी आयटक स्थापन झाली तिच्या उभारणीतही ते होते. या अधिवेशनाची आठवण आठ तासांच्या दिवसासाठी काढली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच अधिवेशनाने एक लहानशी शिफारस केली, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती अँथ्रॅक्सविषयी होती. आपल्याकडे जनावरांत ज्याला फाशी म्हणतात आणि माणसाच्या कातडीवर उठली म्हणजे जिला काळपुळी म्हणतात, तोच हा रोग. त्याचे बीज लोकरीत, केसांत, कातड्यात वर्षानुवर्षे जिवंत राहते. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत परदेशी लोकर निवडणारे कामगार या रोगाने छातीत धरून मरत. म्हणून शिफारस अशी झाली की, रोगट लोकर निघते त्या देशात, नाही तर ती उतरते त्या बंदरात, तिचे निर्जंतुकीकरण व्हावे.

जगातल्या कामगार कायद्याने जनावराशी संबंधित रोगाची दखल घेतली ती अशी, गिरणीच्या दारातून. पुढे १९२३ साली हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. लोकर, केस, कातडी हाताळणाऱ्या कामगाराला अँथ्रॅक्स झाला तर तो अपघातच समजावा, असे त्यात आले. १९२५ च्या जिनिव्हाच्या करारात तीन धंदेवाईक रोग धरले होते, शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. तो करार हिंदुस्थानने १९२७ साली मान्य केला. कामगार चळवळीच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. रोग हाही अपघात असू शकतो, ही गोष्ट मालकाच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

आता आपल्या गावाबाहेरच्या त्या ढिगाकडे या. फाशीने मेलेला बैल गावातून ओढून नेणारा, त्याचे कातडे सोलणारा माणूस कोण होता? महार, मांग, ढोर, चांभार. ब्रॅडफर्डच्या कामगारापेक्षा त्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक. लोकर निवडणारा निदान धुतलेल्या जमिनीवर उभा असे, हा उघड्या रक्तात गुडघ्यापर्यंत. पण १९२३ च्या कायद्याने त्याला काही दिले नाही. देणार तरी कसे? कायद्याला कामगार हवा होता आणि कामगाराला मालक हवा होता. ढोर ओढणाऱ्याला मालक नव्हता. त्याला गाव होते. मजुरी नव्हती; हक्क म्हणून कातडे आणि मेलेल्याचे मांस होते. ज्याला हक्क म्हणायचे तेच विष. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा असे आपल्या लोकांना सांगितले, ते मानासाठी सांगितले हे सर्वांना माहीत आहे. मी ते कामगाराच्या अंगानेही वाचतो. ज्या धंद्यात विमा नाही, मोबदला नाही, नकार देण्याची सोय नाही, तो धंदा टाकून देणे हाच सुरक्षेचा एकमेव उपाय उरतो. सुरक्षेच्या पुस्तकांत या घटनेचा उल्लेख मला कुठे आढळला नाही. माझ्या पुस्तकात ती पहिल्या प्रकरणात असती.

औषधांचा कायदा वेगळ्या वाटेने आला. बाजारात भेसळीची, निकस औषधे इतकी बोकाळली होती की सरकारने १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर, सरकारी गतीने, नऊ वर्षांनी १९४० चा औषध कायदा झाला. त्यात औषधाची व्याख्या करताना माणसांच्या जोडीला जनावरेही घातली आहेत. ज्याने कोणी हे शब्द लिहिले त्याचे पशुवैद्यकाने आभार मानले पाहिजेत. १९४५ च्या नियमांनी चिठ्ठीची शिस्त घातली. अमुक यादीतले औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नये, चिठ्ठीवर तारीख, सही, मात्रा असावी, आणि रोगी जनावर असेल तर मालकाचे नाव व पत्ता असावा. बैलाला नाव विचारीत नाहीत, हे बरे आहे.

कायदा असा कागदावर पक्का झाला. आता तो राबवायचा कोणी? महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशीवर ही रचना उभी राहिली. नाईक आमच्या पुसदकडचे, म्हणून हे सांगताना आमचा ऊर थोडा भरून येतो. खेड्यापाड्यांतून जनावरांचे दवाखाने उभे राहिले ते या रचनेत. श्रेणी एकमध्ये पदवीधर डॉक्टर, श्रेणी दोनमध्ये पदविकाधारक पर्यवेक्षक. बुळकांडीविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५४ पासून सुरू होती. देशात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ साली झाली, २००६ साली भारत या रोगातून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. याचे श्रेय शास्त्रज्ञांना मिळाले आणि ते मिळालेच पाहिजे. पण बर्फाच्या डब्यात लस घेऊन, सायकलवर, बैलगाडीत, नाही तर पायी, गोठ्यागोठ्यांत जाऊन सुई टोचणारा माणूस हा पर्यवेक्षक आणि परिचर होता. स्टोव्हवर पातेले ठेवून सुया उकळायच्या आणि बोथट झाल्या की दगडावर घासायच्या, असे मला एका निवृत्त व्रणोपचारकाने सांगितले. किती वेळा स्वतःला टोचली, असे विचारले तर तो हसला. मोजली नाही म्हणाला.

यानंतर १९८४ साल येते. त्या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या आणि त्या दोन्ही एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पहिली, संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा केला. पशुवैद्यकी कोणी करावी याची त्याने सीमा आखली. महाराष्ट्राने तो १९९७ साली लागू केला. त्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे पशुवैद्यकी नोंदणीकृत पदवीधरानेच करावी. पदविकाधारकाने किरकोळ सेवा तेवढ्या द्याव्यात, आणि त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. दुसरी गोष्ट, कामगार नुकसानभरपाई कायद्याची रोगांची यादी त्याच वर्षी नव्याने लिहिली गेली. तिच्या पहिल्याच नोंदीत, संसर्गजन्य रोगांखाली, रुग्णालय व प्रयोगशाळेच्या कामाबरोबर एक ओळ आली: पशुवैद्यकीय कामाशी संपर्क येणारे सर्व काम. त्याखाली जनावरे आणि त्यांची प्रेते हाताळण्याचे काम. सगळेच काम. त्यात पदवी, पदविका, परिचर असा भेद नाही. आणि हा यादीचा पहिला भाग असल्यामुळे अमुक महिने नोकरी झाली पाहिजे अशीही अट नाही. १९१९ मध्ये जे लोकरीपुरते होते, ते पासष्ट वर्षांनी खोड्यापर्यंत आले.

पहिल्या कायद्यावरून महाराष्ट्रात किती रणे माजली! पदवीधर म्हणत, अर्धशिक्षिताच्या हाती जनावर देऊ नका. पदविकाधारक म्हणत, डॉक्टर वीस मैलांवर आणि म्हैस इथे अडलेली, देखरेख कोणाची आणि कशी? दोघांचेही म्हणणे खरे होते. चिठ्ठीवाचून दिलेली प्रतिजैविके दुधात उतरतात हेही खरे, आणि श्रेणी दोनच्या दवाखान्यात डॉक्टर नसतो हेही खरे. निवेदने झाली, मोर्चे झाले, काम बंद झाले. दुसरी ओळ मात्र कोणी वाचली नाही. इथे मला माझी स्वतःची कबुली दिली पाहिजे. या कर्मचाऱ्यांच्या मागण्यांची निवेदने लिहिण्यात मीही कधीकाळी हात लावला आहे. वेतनश्रेणी होती, पदोन्नती होती, प्रवासभत्ता होता, सुई टोचण्याचा अधिकार होता. हातमोजा नव्हता. त्या निवेदनांच्या प्रती माझ्याकडे आहेत. मी त्या परत वाचल्या आणि हातमोजा, रेबीजची लस, रक्ततपासणी हे शब्द शोधले. मिळाले नाहीत. अधिकार मागताना धोका मोजायचा आम्ही विसरलो. सरकारला दोष देण्याआधी हे सांगितले पाहिजे.

दरम्यान सरकारने जनावरांच्या औषधांवर एकामागून एक बंधने घातली आणि ती प्रत्येक वेळी कोणासाठी घातली हे पाहण्यासारखे आहे. १९९० नंतर गिधाडे नाहीशी होऊ लागली. आमच्या शिवारात मेलेले ढोर टाकले की तासाभरात आकाश भरून येत असे. पुढे कुत्री तेवढी येऊ लागली. कारण कोणाला उमगेना. २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील गिधाडांवर संशोधन करून दाखवले की, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात हजारांत एकसुद्धा धड उरले नाही. २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद करण्याचा हुकूम निघाला. मग माणसांसाठीची मोठी बाटली गोठ्यात येऊ लागली, म्हणून २०१५ साली तीही तीन मिलीलिटरच्या एका मात्रेवर आणली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड, ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली. फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला की, गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. सडती प्रेते, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि त्यांच्याबरोबर रेबीज, अशी ती साखळी. रेबीज झालेल्या गाईच्या तोंडात, घशात काही अडकले आहे असे समजून हात कोण घालतो? पुन्हा परिचरच. गाय पिसाळली आहे हे दोन दिवसांनी कळते.

दूध पिणाऱ्याचीही काळजी कायद्याने घेतली. २०१२ पासून औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये, किती दिवस मांस वापरू नये, ते छापावे लागते. खात्रीचा आकडा नसेल तेव्हा दुधाला व अंड्यांना सात दिवस आणि मांसाला अठ्ठावीस दिवस धरायचे. ऑक्सिटोसिनच्या गैरवापराविरुद्ध एकेरी मात्रेचे वेष्टन सक्तीचे झाले. २०१८ साली खाजगी कारखान्यांना ते करायलाच बंदी आली आणि त्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कोंबड्यांच्या खाद्यात जाणारे कोलिस्टिन २०१९ साली बंद झाले. गिधाड झाले, ग्राहक झाला, बाळंतीण झाली. यांतले एकही बंधन चुकीचे होते असे मी म्हणत नाही. मी एवढेच दाखवतो आहे की, भरलेली सिरिंज हातात असलेला माणूस यांत कोठेच आला नाही. गाय माजावर आणण्याचे प्रोस्टाग्लँडिन घ्या. ते कातडीतून अंगात शिरते, दमेकऱ्याला आणि गरोदर बाईला घातक ठरू शकते. हे पत्रकावर छापलेले असते, बारीक इंग्रजीत. आज पशुवैद्यकाच्या वर्गात मुलींची संख्या मोठी आहे, उद्या त्याच खोड्यापाशी उभ्या राहणार. त्यांच्यासाठी ते पत्रक मराठीत कोणी वाचून दाखवले आहे काय?

हाताची दखल शेवटी घेतली गेली ती कचऱ्याच्या निमित्ताने. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले आणि त्यांत जनावरांचे दवाखानेही धरले. २०१६ च्या नव्या नियमांनी आणखी स्पष्ट केले. सुया पांढऱ्या, न भेदणाऱ्या डब्यात टाकाव्यात. कचरा हाताळणाऱ्यांना संरक्षक साधने द्यावीत. त्यांना कावीळ ब आणि धनुर्वात यांसारख्या रोगांची लस टोचावी. नोकरीला लागताना व पुढे दरवर्षी प्रकृती तपासावी. अपघाताची नोंद ठेवावी. म्हणजे सुई बैलाच्या मानेत असेपर्यंत तिच्याकडे बघणारा कायदा नाही. ती डब्यात पडू लागली की कायदा जागा होतो. तरीही मला हे नियम प्रिय आहेत. कारण त्यांतल्या नोंदीच्या वहीवर बोट ठेवून काही मागता येते. ब्रुसेलाचे नाव त्यांत नाही, रेबीजचे नाही. पण वही आहे.

ब्रुसेला म्हणजे आपल्याकडचा सांसर्गिक गर्भपाताचा रोग. गाय गाभ टाकते आणि तो टाकलेला गाभ, ती वार उघड्या हाताने काढणाऱ्याला ताप धरतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, रात्री घाम फुटतो, सांधे धरतात. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टात त्याचे जंतू शोधले. त्यावरची एस-१९ ही लस ज्या जंतूपासून होते, तो अमेरिकेत १९२३ साली एका जर्सी गाईच्या दुधात सापडला. नुकसानभरपाई कायद्याचेच ते साल. ही लस जिवंत जंतूंची आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ती एकदाच टोचतात. कालवडीला ती तारते. माणसाच्या अंगात गेली तर रोगच देते. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात लाळ्या-खुरकुताबरोबर हीही लस देशभर टोचण्याचे ठरले.

त्यानंतरच्या एका मोहिमेत आमच्या भागातल्या एका तरुणाला ती टोचली गेली. नाव सांगत नाही, कार्यालयाचेही सांगत नाही. तो मानधनावर होता. कालवड उसळली, सुई तळहाताच्या मुळाशी गेली. त्याने हात पँटला पुसला आणि पुढची कालवड धरली. दोन महिन्यांनी ताप सुरू झाला. हिवताप म्हणून औषध झाले, विषमज्वर म्हणून झाले, देवऋषी झाला. पाच महिन्यांनी एका शहाण्या डॉक्टरने धंदा काय करतोस म्हणून विचारले. तोवर हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. रक्त तपासले, ब्रुसेला निघाला, सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन घेतले. तो बरा झाला. कंबर मात्र पूर्वीची राहिली नाही. कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले, हा आमचा नोकर नाही, आणि सुई टोचल्याची नोंद कोठे आहे? नोंद नव्हती. वही होती, कोरी.

तेव्हा मी ती १९८४ ची यादी पहिल्यांदा नीट वाचली. दुसऱ्या परिशिष्टात कामगार कोण याची लांबलचक यादी आहे, तिच्यात घोडे, खेचरे, बैल यांसारखी जनावरे हाताळणारा मला सापडला. म्हैस तिथे नाही, पण ‘यांसारखी’ या शब्दात म्हैस बसते, असे माझ्या वकील मित्राचे मत पडले. पुढे आमच्या जिल्ह्याला सर्वांत लागून असलेली नोंदही सापडली, शेतात कीटकनाशक फवारणाऱ्याची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा त्या ओळीचा उपयोग किती घरांना माहीत होता? गोचीड मारण्याचे द्रावणही त्याच कुळातले, तेही उघड्या हातानेच जनावराला चोळतात.

अर्ज करायची मुदत दोन वर्षांची. ती उलटायला चार महिने होते. अर्ज मी लिहून तयार केला. तरुण आला, त्याने तो वाचला, आणि सही करायचे नाकारले. पुढच्या मोहिमेला मला बोलावणार नाहीत, म्हणाला. मी पुष्कळ बोललो. शेवटी त्याने विचारले, केस जिंकायला किती वर्षे लागतील? त्या प्रश्नाला माझ्याजवळ खरे उत्तर होते, म्हणून मी गप्प बसलो. तो अर्ज अजून माझ्या पेटीत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना नुकसानभरपाई कायदा संपला आणि सामाजिक सुरक्षा संहिता आली. तिच्या तिसऱ्या परिशिष्टात ती ओळ तशीच उतरली आहे, हे मी पहिल्याच दिवशी बघून घेतले. बाकी संहितांविषयी माझी मते आहेत, ती वेगळ्या व्यासपीठावर सांगेन.

आता आम्ही एक साधे काम करतो. दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसांना दोन रुपयांची एकेक वही देतो. सरकारी वही असो वा नसो, तारीख, जनावर, औषध किंवा लस, सुई कोठे लागली, कोणी पाहिले, एवढे पाच रकाने. पहिल्या वर्षी एकाने वही परत दिली ती अगदी कोरी. आपल्याला काही झालेच नाही, म्हणाला. मी त्याचे हात हातात घेतले आणि एकेक वण मोजत विचारत गेलो, हा कशाचा, हा कशाचा. अकरा भरले. मग तो खाली बसला आणि आठवेल तशा तारखा लिहू लागला. पहिली ओळ अशी होती: पोळ्याच्या आदल्या दिवशी, खोंड, घटसर्पाची लस, डावा अंगठा, पाहणारा कोणी नाही.